बिनवऱ्याची वरात

आमच्या बाईंना कुणी थोर म्हटलं, की त्या शांतपणे विचारायच्या, "कुणापेक्षा?"

प्रश्न साधा, पण समोरच्याची पंचाईत करणारा. थोर म्हणायला आलेला माणूस बहुधा हार घेऊन आलेला असतो, आणि हार हातात असताना कुणापेक्षा वगैरे विचार कोणी करत नाही. तो कसनुसा हसायचा, हार पुढं करायचा. बाई एक पाऊल मागं सरायच्या. "आधी सांगा. मग घालते गळ्यात." शेवटी तो हार कार्यालयातल्या एखाद्या तसबिरीला जायचा. तसबिरी काही विचारत नाहीत.

बाई आमच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. आमची ओळख व्हायचं खरं तर काहीच कारण नव्हतं. पण संभाजीनगरातल्या आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतींचे वाटे ज्यानं पाडले तो कुणी विनोदी माणूस असावा. त्यानं मराठी विभाग आणि बाईंची प्रयोगशाळा एकाच बोळात समोरासमोर टाकली, आणि दोघांत मिळून एकच इन्व्हर्टर दिला. मे महिन्यात वीज गेली, की समोरचं दार उघडायचं आणि आखूड पांढऱ्या केसांचं एक डोकं बाहेर यायचं.

"मराठी, पंखे बंद करा."

त्यांनी मला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. मी 'मराठी' होतो.

"बाई, वर्गात पोरं आहेत. उकडून मरतील."

"नाय मरत. माझ्या पेशी मरतील. त्यांना सदतीस डिग्री लागते, ना एक वर, ना एक खाली. तुमची पोरं बेचाळीसला पण कविता ऐकून घेतात. चिवट जात हाय."

मी पंखे बंद करायचो. पोरं वह्यांनी वारा घेत कविता ऐकायची. कोण चिवट होतं, ते तुम्हीच ठरवा.

बाई मूळ गंगापूरकडच्या. सुती साडी, खाली पोरांचे असतात तसले खेळाचे बूट आणि डाव्या मनगटावर दोन घड्याळं. एक नव्हे, दोन. नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात धीर करून विचारायचा, आणि बाई वाटच बघत असायच्या.

"एकच घड्याळ असलं तर ते बरोबर का चूक, कसं कळणार?"

"पण मॅडम, दोघांनी वेगवेगळी वेळ दाखवली तर?"

"तर मला कळतं की मला वेळ माहीत नाय. तुझ्याकडं एकच घड्याळ हाय, तुला ते पण कळत नाय."

त्यांनी लग्न केलं नव्हतं. पण त्यांच्या शास्त्रात लग्नाशिवाय दुसरी उपमा नव्हती. गावात कुणाचंही लग्न असो, आमंत्रण आलं की बाई हजर. पंगतीत नीट जेवायच्या, नवरा-नवरीला पाकीट द्यायच्या, आणि पत्रिका जपून घरी आणायच्या. प्रयोगशाळेतला एक अख्खा खण पत्रिकांनी भरलेला होता. त्यातली एक काढून त्यांनी मला त्यांचं सगळं संशोधन एका चहात समजावलं. मराठीच्या माणसाला कळलं म्हणजे तुम्हालाही कळेल, म्हणून सांगतो.

"पेशीचं मूळ दप्तर असतं ते डीएनए," बाई म्हणाल्या. "ते आतल्या खोलीत, कुलपात. त्यातनं कामापुरती नक्कल उतरून बाहेर पाठवायची, ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. एवढं तर शाळेतली पोरं पण सांगतात. आता हे बघा." त्यांनी पत्रिका माझ्यापुढं धरली. तिच्या चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लागलेलं होतं. "तुमच्या लहानपणी घरी कार्ड यायचं. कोपऱ्याला हळद असली तर आई न वाचताच कपाळाला लावायची. आणि कोपरा फाडलेला असला तर?"

"वाचायच्या आधीच आंघोळीला पाणी ठेवायची."

"बरोबर. मजकूर आत काय का असंना, वरच्या खुणेवरून घर कामाला लागायचं. पेशी पण तेच करते. चिठ्ठी लिहून झाली, की तिच्या काही अक्षरांवर बारीकशी रासायनिक खूण लावते. अक्षर तेच ऱ्हातं. पण त्या खुणेवरनं ठरतं, ही चिठ्ठी जपून ठेवायची, लगेच कामाला लावायची, का फाडून टाकायची."

"आणि तुम्ही काय शोधताय?"

"घरात चोर शिरला, म्हणजे विषाणू, तर घरच्या चिठ्ठ्यांवरची हळद बदलते का. आणि बदलली तर ती कुणी बदलली. चोरानं पुसली, का घरच्यांनी घाबरून पुसली." मग चहा संपवत म्हणाल्या, "सगळं भांडण त्या शेवटच्या वाक्यात हाय, मराठी."

त्या भांडणात बाईंची जोडीदार होती नसरीन. पडेगावची पोरगी, वडलांचं दौलताबाद रोडवर टायरचं दुकान. घरी दखनी बोलायची, आमच्याशी मराठी, आणि चिडली की दोन्ही. पीएचडी करत होती. तिच्या हाताला असं वळण होतं, की काचेची नळी तिच्या बोटांत कधी थरथरताना मी पाहिली नाही. बाई विषाणू वापरायच्या तो लसीत असतो तसला लुळा केलेला. तरीसुद्धा त्या दोघी त्याच्याशी तो नाग असल्यासारख्या वागायच्या.

आता मुद्द्याची गोष्ट. असल्या प्रयोगात पेशींच्या दोन थाळ्या लागतात. एकीत विषाणू सोडायचा, दुसरीत नाही. मग दोन्हींतल्या चिठ्ठ्या बाहेर काढून खुणा ताडून बघायच्या. बाईंनी या थाळ्यांना नावं दिली होती. विषाणू सोडलेली ती सासुरवाशीण. न सोडलेली ती माहेरवाशीण. नव्या पोरांना चटकन कळायचं. माहेरवाशिणीला काही त्रास नाही, ती सुखात, तिच्याशी तुलना करायची. मला हे नाव इतकं आवडलं, की मी वर्गात उपमेचं उदाहरण म्हणून ते सांगायला लागलो. बाईंना त्याचा केवढा अभिमान. "बघा, मराठीनं उचललं," असं सगळ्यांना सांगायच्या.

नसरीनचा प्रयोग लागला आणि काय निकाल आला म्हणता. पांढऱ्या पट्टीवर ठिपके यायचे. जितक्या खुणा जास्त तितका ठिपका काळा. माहेरवाशिणीचे ठिपके डांबरासारखे काळेभोर, सासुरवाशिणीचे धुवट, जेमतेम दिसणारे. विषाणू शिरला, की घरच्या चिठ्ठ्यांवरची हळद उडते. पुन्हा केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केला, तेच. बाईंनी त्या दिवशी शहागंजातून नान-खलिया मागवला आणि मराठी विभागाला पण बोलावलं. आम्ही विज्ञानासाठी पोटभर जेवलो.

बातमी प्राचार्यांपर्यंत गेली. आमचे तेव्हाचे प्राचार्य माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त कार्यक्रम आवडायचे. कार्यक्रमाला कारण मिळालं की त्यांची तब्येत सुधारायची. त्यांनी बातमी पेपरात दिली. पेपरानं छापलं, की शहरातल्या प्राध्यापिकेनं विषाणूचा डाव ओळखला. मैदानात मांडव पडला. मुंबईहून मोठे पाहुणे यायचं ठरलं. बाईंचा शोधनिबंध नुकताच छापायला पाठवून झाला होता, नसरीनची पीएचडी त्याच्यावर उभी होती, सगळं जुळून आलेलं होतं.

प्राचार्यांना पाहुण्यांसमोर दाखवायला एक व्हिडिओ हवा होता. नसरीननं प्रयोग करून दाखवायचा आणि आमच्या एका क्लार्कनं मोबाइलवर शूटिंग करायचं. मी दारात उभा राहून दिग्दर्शन करत होतो, कुणी सांगितलं नसताना. नसरीननं सासुरवाशीण थाळी उबेच्या कपाटातून, म्हणजे इन्क्युबेटरमधून, बाहेर काढली, तिच्यातलं पौष्टिक पाणी ओतून टाकलं, नुसतं खारं पाणी घातलं, त्यात विषाणूचे थेंब सोडले, आणि टेबलावर ठेवून मधूनमधून हलवत राहिली. विषाणू पेशींत शिरायला तासभर लागतो. एसी चालू होता.

बाई कौतुकानं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "दुसरी कुठंय?"

"आत."

"आत कामून?"

"बाई, ती माहेरवाशीण ना," नसरीन कॅमेऱ्याकडं बघत हसून म्हणाली. "तिला कशाला गारठ्यात काढायची? तिला नवीन खाणं घालून आत उबेला ठेवलंय."

बाईंनी एक घड्याळ बघितलं. मग दुसरं. त्यांचा चेहरा असा झाला, की क्लार्कनं आपण होऊन मोबाइल खाली घेतला.

नसरीननं काही आळस केला नव्हता. उलट जास्तीचं काम केलं होतं. माहेरी आलेल्या पोरीला घरची माणसं जसं वागवतात, तसं तिनं त्या थाळीला मनापासून वागवलं होतं, दरवेळी, न चुकता. आणि त्याच वेळी दुसरी थाळी एसीत तासभर उपाशी. मग दोन्हींच्या खुणांत फरक दिसला तो विषाणूमुळं, उपासामुळं, का गारठ्यामुळं? तीन वेळा प्रयोग केला म्हणून काय झालं. तीनदा तोच पाहुणचार झाला होता.

माझ्या वर्गातलं उपमेचं उदाहरण त्या दुपारी गेलं.

"बाई, मला एक सांगा," क्लार्क गेल्यावर नसरीन म्हणाली. "यात माझं चुकलं काय? नाव तुम्हीच ठेवलं."

"चूक माझीच हाय. नाव मी ठेवलं."

"मग ठीक. चूक तुमची, आणि वर्षं माझी गेली."

बाईंनी प्रयोगाची वही ओढून पानं चाळायला घेतली.

"कुणाला कळणार आहे? तुम्हाला, मला आणि सरांना. सरांना तर अजून कळलं पण नसंल."

सर म्हणजे मी. मी मान डोलावली, कारण त्या क्षणी न कळलेला माणूस असणंच सोयीचं होतं.

"पेशींना कळलंय," बाई म्हणाल्या.

"पेशी काय बोलायला येतेत का?"

"येतेत. उद्या दुसऱ्या कुणी हा प्रयोग धड केला की बोलायला लागतेत. तवा निबंधावर नाव तुझं असंल, मी तर रिटायर होऊन गंगापूरला मोसंबी खात बसलेली असंन. मला काय व्हायचंय?"

नसरीननं खिडकीकडं तोंड केलं. "अब्बांनी पेपरातली बातमी कापून दुकानात लावली," ती म्हणाली. "गिऱ्हाईकांना वाचून दाखवतेत." मग वळली आणि म्हणाली, "परत लावू? उद्या?"

"आत्ता," बाई म्हणाल्या. "दोन्ही थाळ्या उपाशी. दोन्ही गार. दोन्ही हलवायच्या. फक्त एकीत विषाणू. आणि माहेरवाशीण म्हणायचं नाय आजपासून."

"मग काय म्हणायचं?"

त्याचं उत्तर दोन दिवसांनी मिळालं, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. तोपर्यंत पट्टी तयार झाली होती. दोन्हीकडचे ठिपके जवळजवळ सारखे. डोळे बारीक करून बघितलं तर फरक वाटायचा, मोठे करून बघितलं तर वाटायचा नाही. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. बाईंनी मला सोबत नेलं, का ते माहीत नाही. कदाचित त्यांना कुठंही एकटं जाणं अशास्त्रीय वाटत असावं.

"मॅडम, मांडव पडलाय," प्राचार्य म्हणाले. "पाहुणे निघालेत."

"मांडवाला माझी हरकत नाय, सर."

"मग कशाला आहे?"

"नवराच नाय. घोडा हाय, बँड हाय, फटाके हायेत. वरात निघाली. घोड्यावर कुणी नाय."

"अहो, थोडंफार तरी खरं असेल."

"असंल. किती, ते मला माहीत नाय. माहीत नाय त्याचा सत्कार कसा घेऊ?"

"सत्कार घ्या, मग सावकाश शोधा. कोण अडवतंय?"

"सत्कार झालेलं माणूस शोधत नसतं, सर. सापडलं असं समजून बसतं."

प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही तरी समजवा."

मी म्हणालो, "सर, मी मराठीचा." आयुष्यात इतक्या अभिमानानं मी हे वाक्य कधी उच्चारलं नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी रजा टाकावी, आजारी पडावं, असं मी सुचवलं. कार्यक्रम आपोआप टळला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं. बाई थबकल्या. "बातमी छापली तवा मी आजारी व्हते का?" म्हणाल्या. "जिथं खोटं मोठ्यानं सांगितलं, तिथंच मोठ्यानं खोडायचं. बारक्या आवाजात खोडलं तर ते खोडणं नसतं."

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. नसरीनचे वडील पांढरा कुर्ता घालून पुढच्या रांगेत. कार्यक्रमाचा क्रम असा होता, की आधी शाल, मग नारळ, मग पाहुण्यांचं भाषण आणि उरला वेळ तर बाईंचे दोन शब्द. निवेदकानं नाव पुकारलं. पाहुण्यांनी शाल दोन्ही हातांनी उलगडून धरली. बाई उठल्या, शालीच्या समोरून सरळ पुढं गेल्या आणि माइकवर पोचल्या. पाहुणे शाल धरून तसेच उभे. पुढची काही मिनिटं त्यांचे हात हळूहळू खाली येत होते आणि ते मधूनच सावरून वर घेत होते. मला बाईंचं भाषण ऐकू की ते हात बघू असं झालं होतं.

"आम्ही सांगितलं, की विषाणू शिरल्यावर पेशीच्या चिठ्ठ्यांवरच्या खुणा उडतात," बाई म्हणाल्या. "पेपरात आलं. ते खरं ठरलेलं नाही. विषाणूवाल्या पेशींना आम्ही उपाशी आणि गार ठेवलं. दुसऱ्यांना उबेला आणि भरपेट. मग फरक दिसला. दिसणारच. तुम्ही तिकडं मागं उकाड्यात बसलाय आणि इकडं पुढं पंखे आहेत. तुमचे चेहरे वेगळे दिसतात आणि यांचे वेगळे. त्याला विषाणू लागत नाही."

मागच्या रांगा हसल्या. पुढच्या हसल्या नाहीत, त्यांच्यावर पंखा होता.

"चूक मी शिकवलेल्या एका शब्दामुळं झाली. माझ्या विद्यार्थिनीनं माझं ऐकलं, एवढाच तिचा दोष. निबंध आम्ही परत मागवला आहे." मग त्या पाहुण्यांकडं वळल्या, त्यांच्या हातातल्या शालीची घडी स्वतः घातली आणि प्राचार्यांच्या हातात दिली. "ही ठेवा, सर. काम झालं की मागून घेईन."

आणि जिना उतरून चालायला लागल्या. पांढरा कुर्ता घातलेला एकच माणूस उभा राहिला. नसरीनचे वडील. ते रागावून उठले की आदरानं, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर नसरीननं सांगितलं, की अब्बांनी दुकानातली ती बातमी काढली नाही. तिच्याखाली पेनानं लिहिलं, 'काम चालू आहे.'

आपल्या पेपरांनी मात्र दुसऱ्या दिवशी छापलं, की सत्कार सोहळा उत्साहात संपन्न झाला.

प्राचार्यांनी सूड असा घेतला नाही. फक्त पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेचं इन्व्हर्टरचं कनेक्शन काढलं. मराठीचं ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वीज गेल्यावर आमचे पंखे फिरत राहिले, आणि मला ते वारं काही केल्या लागेना. मी बाजारातून एक लांब वायर आणली आणि मराठी विभागाच्या बोर्डातून बोळ ओलांडून बाईंच्या इन्क्युबेटरला जोडली. प्राचार्य तिला एकदा अडखळले.

"हे काय आहे?"

"आंतरविद्याशाखीय संबंध, सर," मी म्हणालो. तेव्हा तो शब्द सरकारी कागदांत फार चालत होता, त्यामुळं त्यांना वायर काढता येईना.

विषाणू न सोडलेल्या थाळीला तेव्हापासून नाव पडलं, बिननवऱ्याची वरात; घाईत बोलताना बिनवऱ्याची. घोडा तोच, बँड तोच, धूळ तीच, ट्रॅफिकमध्ये तेवढाच वेळ अडकायचं. फक्त वर नवरा नाही. या नावाची थाळी कुणी लाडानं आत ठेवली नाही.

पण हे नाव थाळीपुरतं राहिलं असतं तर त्या बाई कसल्या. शेजारचे वैद्य म्हणाले, माझ्या काढ्यानं आठवड्यात सर्दी जाते. बाई म्हणाल्या, "बिनवऱ्याची कुठंय? काढा न घेता किती दिवसांत जाते?" बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, आमच्या योजनेमुळं खातेदार खूश आहेत. "योजना नसलेल्यांना विचारलं का?" एकदा मी उत्साहात म्हणालो, की माझ्या तासाला बसलेली पोरं पुढं चांगली माणसं होतात. बाईंनी माझ्याकडं कणवेनं बघितलं. "आणि तुमच्या तासाला दांडी मारलेली, मराठी? ती कुठं गेली?" मी चौकशी केली. एक आमदार होता, एक सुखी होता. मी विषय सोडून दिला.

नसरीनची दोन वर्षं जास्तीची गेली. त्या काळात तिनं माझ्या देखत बाईंशी निदान शंभर भांडणं केली, एकही माघार न घेता. बहुतेक फरक उपासाचा आणि गारठ्याचाच निघाला. पण सगळा नाही. मोजक्या चिठ्ठ्या अशा होत्या, की दोन्ही वराती अगदी सारख्या काढल्या तरी विषाणू असलेल्या घरात त्यांच्यावरच्या खुणा बदललेल्या राहायच्या. त्यात काही घराला जागं करणाऱ्या चिठ्ठ्या होत्या. त्या खुणा चोरानं बदलल्या की घरच्यांनी, ते तिलाही नक्की सांगता आलं नाही, आणि तिनं तसं स्पष्ट लिहिलं. निबंध छोटासा झाला. पेपरात आला नाही. बाईंनी तो मला वाचून दाखवला तेव्हा मध्येच थांबून म्हणाल्या, "एवढंसं हाय. पण हाय." त्यांना इतकं खूश मी नान-खलियाच्या दिवशी पण पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. प्राचार्य आता नवे आहेत, कार्यक्रमांची आवड तीच. निरोपाच्या सत्काराला हॉल भरलेला. शाल आली ती पाहून मी खुर्चीत ताठ झालो. तीच शाल. कार्यालयानं इतकी वर्षं कपाटात डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवली होती, न वापरलेली म्हणून. नव्या प्राचार्यांना तिचा इतिहास माहीत नव्हता. त्यांनी भाषण सुरू केलं. बाईंमुळं कॉलेजचा दर्जा उंचावला. बाईंमुळं पिढ्या घडल्या. बाई नसत्या तर हे कॉलेज आज कुठं असतं.

"बिनवऱ्याची कुठंय, बाई?"

आवाज मागच्या दारातून आला. नसरीन. आता पैठणच्या कॉलेजात शिकवते. एसटी उशिरा आली म्हणून दारातच उभी होती. हॉलमध्ये ठिकठिकाणी बसलेले बाईंचे जुने विद्यार्थी हसू दाबायला लागले. प्राचार्यांना वाटलं, काही गोंधळ आहे. बाई मात्र उजळल्या. खुर्चीतून उठून त्यांनी हॉलवर नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"मराठी, वर या."

"बाई, मी काय केलंय?"

"काही नाय. म्हणूनच या."

मी गेलो. आयुष्यात स्टेजवर बोलावलं तर नाही म्हणणारा मी माणूस नव्हे. बाईंनी मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि प्राचार्यांना सांगितलं, की तेच भाषण यांच्यावर करा, एक शब्द न बदलता, फक्त नाव बदला. प्राचार्य खिलाडू निघाले. माझ्यामुळं कॉलेजचा दर्जा उंचावला. माझ्यामुळं पिढ्या घडल्या. मी नसतो तर हे कॉलेज आज कुठं असतं. ती शाल माझ्या खांद्यावर आली, हातात नारळ आला, आणि टाळ्या पडल्या. बाई बाजूला उभ्या राहून मनगटावरची दोन्ही घड्याळं बघत होत्या. मग शाल माझ्यावरून निघून त्यांच्या खांद्यावर गेली, दुसरा नारळ आला, भाषण पुन्हा झालं, टाळ्या पुन्हा पडल्या.

"सारख्याच," बाईंनी माइकवर जाहीर केलं. "यांना थोड्या जास्तच. फरक नाय. आता चहा घ्या."

लोक हसत हसत उठले. मी नारळ घेऊन बाहेर आलो, तो स्कूटरच्या डिकीत ठेवला. तीन-चार जण येऊन हात मिळवून गेले, "सर, मस्त," म्हणाले. संपलं. माझी वरात घरी जायला मोकळी होती.

स्कूटर काढताना गेटजवळच्या लिंबाखाली आवाज ऐकू आले. बाई मध्यभागी, खांद्यावर ती डांबराच्या गोळ्यांच्या वासाची शाल, आणि भोवती त्यांचे जुने विद्यार्थी. कुणाचे केस गेलेले, कुणाच्या कडेवर मूल. सगळे एकदम बोलत होते.

"प्रयोग चूक आहे, बाई," नसरीन म्हणत होती. "सर बिनवऱ्याची, म्हणजे कंट्रोल, म्हणून चालत नाहीत. त्यांना आधी बसवलं, तुम्हाला नंतर. लोकांचे हात तोवर दमले."

"आणि सर स्टेजवर गेले की लोक आधीच हसायला लागतात," दुसरा म्हणाला. "टाळ्या त्या हसण्याच्या होत्या."

"मग कुणाला बसवायचं व्हतं?" बाई.

"रस्त्यावरच्या कुणालाही. कुणी न ओळखणारा."

"त्याला कोण टाळ्या देईल?"

"तेच तर बघायचं होतं, बाई. तुम्हीच शिकवलंय."

बाई दोन्ही हात वर करून त्यांच्यावर तुटून पडल्या. ते मागं हटेनात. चहा गार झाला, कुणी प्यायला गेलं नाही. मी बराच वेळ हेल्मेट हातात घेऊन उभा होतो. शाल दोघांना तीच मिळाली, भाषण तेच, नारळ तेवढाच, टाळ्या मला थोड्या जास्त. पण माझ्याशी कुणी भांडायला आलं नव्हतं.

एवढंसं होतं. पण होतं.